होडीचे कव्हर: रेडिमेड घ्यावे की मापाने शिवून?

बेंगळुरूला समुद्र नाही, मोठी नदीही नाही. तरी शहरात होड्या आहेत. उल्सूर तलावाच्या काठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे आणि सैन्याच्या तृष्णा सेलिंग क्लबमध्ये शिडाच्या होड्या चालवायचे शिक्षण मिळते. ‘तृष्णा’ हे नाव सैन्यातल्या इंजिनिअरांना जवळचे आहे. त्यांच्या याच नावाच्या शिडाच्या नौकेने 1985 ते 1987 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. याखेरीज सुट्टीला धरणाच्या पाण्यावर जाणाऱ्या हौशी मंडळींच्या कयाक असतात, कुणाच्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये तर कुणाच्या गच्चीवर.

या होड्या पाण्यात कमी आणि जमिनीवर जास्त असतात. आठवड्यातले काही तास तलावात आणि उरलेला सगळा वेळ ऊन, पाऊस, धूळ आणि कबुतरांच्या हवाली. म्हणून कव्हर लागते. ते घ्यायला गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: होडी किती फुटी? खरे तर हा दुसरा प्रश्न आहे. होडी कुठे आणि कशी उभी राहते, हे आधी ठरले की रेडिमेड की शिवून, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते.

पर्याय दोन नव्हेत, तीन

पहिला पर्याय सर्वसाधारण रेडिमेड कव्हरचा. ते लांबी-रुंदीच्या टप्प्यांत मिळते, उदाहरणार्थ 14 ते 16 फूट. कडेला इलॅस्टिक किंवा ओढून बांधायची दोरी असते. टप्प्यातल्या सर्वांत मोठ्या होडीला बसेल असे ते बेतलेले असल्यामुळे लहान होडीवर ते सैल राहणारच.

दुसरे टोक मापाने शिवलेल्या कव्हरचे. कारागीर होडीपाशी येऊन तिच्यावरच नमुना काढतो. डोलकाठीसाठी खाच, सुकाणूच्या बिजागरीसाठी वाढीव जागा, अणकुचीदार भागावर दुहेरी कापड, हे सगळे त्याच होडीच्या हिशेबाने होते.

या दोहोंच्या मधला पर्याय अनेकांच्या ध्यानात येत नाही. शर्यतींच्या शिडाच्या होड्या ‘क्लास’प्रमाणे बांधल्या जातात. मुलांसाठीची ऑप्टिमिस्ट, पूर्वी लेझर म्हणून ओळखली जाणारी आयएलसीए, दोघांनी चालवायची 420 या त्यांतल्या माहितीच्या. शर्यत माणसांची व्हावी, होड्यांची नव्हे, म्हणून एका क्लासच्या सगळ्या होड्यांचा आकार नियमाने सारखा ठेवलेला असतो. त्यामुळे त्या क्लाससाठी बेतलेले तयार कव्हर अंगावर शिवल्यासारखे बसते. अशी होडी असेल तर शिंप्याच्या वाटेला जाण्याआधी क्लासचे कव्हर मिळते का, हे पाहावे.

बेंगळुरूची हवा वेगळे काय मागते

बेंगळुरूत वर्षाला साधारण 97 सेंटिमीटर पाऊस पडतो. मुंबईत त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. पण मुंबई-कोकणचा पाऊस जूनपासून चार महिन्यांत उरकतो, तर बेंगळुरूचा एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत विखुरलेला असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वादळी वळीव येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त पाऊस होतो आणि नोव्हेंबरमध्येही बंगालच्या उपसागरातले एखादे वादळ शहर भिजवून जाते. मधल्या काळात पुन्हा स्वच्छ ऊन.

याचा थेट परिणाम कव्हरच्या निवडीवर होतो. कोकणात होडी पावसाळ्यापुरती एकदाच झाकतात. बेंगळुरूत होडी बारा महिने वापरात राहते, म्हणून कव्हर दर आठवड्याला काढायचे आणि घालायचे असते. जे घालायला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो, ते महिन्याभरात कोपऱ्यात पडते.

दुसरी गोष्ट उन्हाची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. हवा थंड वाटते म्हणून ऊन सौम्य असेल असे आपण धरून चालतो, पण अतिनील किरण उंचीबरोबर वाढतात, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. फायबरच्या होडीवरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, याच किरणांनी खडूसारखा पांढुरका होतो. प्लॅस्टिकची कयाक ठिसूळ होते. पावसाचे पाणी पुसता येते. उन्हाने केलेले नुकसान पुसता येत नाही.

कापड: लेबलवरचे आकडे कसे वाचावेत

रेडिमेड कव्हरवर 300 डेनियर, 600 डेनियर असे आकडे असतात. 9,000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरेल, तितके त्याचे डेनियर. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. तो कापड किती जलरोधक आहे किंवा उन्हात किती टिकेल, यातले काहीच सांगत नाही. ताडपत्रीवाल्याकडे जीएसएम हा शब्द ऐकू येतो. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, ते जीएसएम. तोही वजनाचाच आकडा.

प्रत्यक्षात निवड चार कापडांतून होते. निळी-पिवळी प्लॅस्टिकची ताडपत्री सर्वांत स्वस्त, पण कडक उन्हात तिचे लवकरच तुकडे पडू लागतात आणि ती हवा जाऊ देत नाही. सुती कॅनव्हास भिजला की धागे फुगून छिद्रे बंद होतात आणि पाणी अडते. मात्र ओला घडी करून ठेवला तर बुरशी धरून कुजतो. आतून लेप दिलेले पॉलिएस्टर हा रोजच्या वापराचा मधला मार्ग. लेप झिजला की ते पाझरू लागते. चौथे अ‍ॅक्रिलिक, ज्यात धागा तयार होण्याआधीच रंग मिसळलेला असतो. ते उन्हात वर्षानुवर्षे रंग आणि ताकद टिकवते आणि हवाही खेळू देते. महाग तेच.

सावलीतल्या होडीला अ‍ॅक्रिलिक घालणे हा पैशाचा अपव्यय आहे. बारा महिने उन्हात उभ्या होडीला प्लॅस्टिकची ताडपत्री घालणे हाही अपव्ययच; फक्त तो हप्त्याहप्त्याने होतो.

पाणी साचणे आणि कापड फडफडणे

कव्हर बिघडते ते बहुधा दोन कारणांनी. दोन्ही कारणे कापडापेक्षा बसण्याशी निगडित आहेत.

पहिले कारण साचणाऱ्या पाण्याचे. सैल कव्हर मध्ये खोलगट होते. एक चौरस मीटर खोलग्यात सरासरी 5 सेंटिमीटर पाणी साचले तर ते 50 लिटर, म्हणजे 50 किलो भरते. ऑप्टिमिस्टच्या रिकाम्या सांगाड्याचे नियमाने ठरलेले किमान वजन 35 किलो आहे. एका संध्याकाळच्या वळवात होडीपेक्षा जड पाणी तिच्या डोक्यावर बसते. मग कापड ताणते, शिलाईची भोके रुंदावतात आणि पाणी आत झिरपते. जलरोधक असे लेबल असूनही होडी भिजते ती अशी.

दुसरे कारण वाऱ्याचे. सैल कापड दिवसभर होडीवर घासत राहते. बेंगळुरूत कुठे ना कुठे बांधकाम चालू असतेच. तिथली बारीक धूळ कापडाखाली शिरली की कव्हर पॉलिश पेपरचे काम करू लागते. होडी जपण्यासाठी आणलेली वस्तूच तिला ओरखडे पाडते.

दोन्हींवर उपाय सोपा आहे: उतार आणि ताण. शिडाच्या होडीत बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, जरा उंच बांधून तिच्यावरून कव्हर टाकले की तंबूसारखा दुतर्फा उतार मिळतो. बूम नसेल तर पीव्हीसी पाइप वाकवून दोन-तीन कमानी करता येतात. त्यावरून कापड घालून पट्टे होडीच्या पोटाखालून घट्ट ओढायचे. एवढे केले तर साधे रेडिमेड कव्हरही बऱ्यापैकी काम देते.

कोकणातली शाकारणी

मापाचे कव्हर ही श्रीमंती चैन वाटते, पण आपल्या किनाऱ्यावर तिची जुनी आणि स्वस्त आवृत्ती आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्याआधी होड्या ओढून किनाऱ्यावर घेतात आणि शाकारतात. बांबूचा सांगाडा बांधून त्यावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घालायचे, वरून दोरीने आवळायचे. आता झापांच्या जोडीला किंवा जागी प्लॅस्टिकही आले आहे.

चांगल्या कव्हरचे सगळे नियम यात आहेत. सांगाड्यामुळे उतार मिळतो, झापांतून वारा खेळतो, होडीचे लाकूड सावलीत राहते आणि प्रत्येक शाकारणी त्या एका होडीच्या मापाची असते. झाप स्वस्त असूनही काम चोख होते, कारण किंमत कापडाची नसून बांधणीच्या अकलेची असते. अडचण एकच: ही बांधणी एकदा करून नारळी पौर्णिमेपर्यंत विसरायची आहे. दर रविवारी होडी बाहेर काढणाऱ्याला ती परवडणार नाही.

रेडिमेड कधी पुरते

होडी तळघरात, शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या पत्र्याखाली असेल तर शिवून घेण्याचे काही कारण नाही. तिथे शत्रू फक्त धूळ आणि पक्षी. हलके, हवा जाऊ देणारे रेडिमेड कव्हर पुरे. कयाकच्या बाबतीत बसायच्या जागेवरचे छोटे झाकण आणि सावली एवढ्यावरही भागते.

होडी दोन-तीन वर्षांत विकायची असेल, मूल वाढल्यावर ऑप्टिमिस्ट सोडून मोठ्या होडीत जाणार असेल, तरी रेडिमेडच घ्यावे. ऑप्टिमिस्ट पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची आहे. मापाचे कव्हर पुढच्या होडीला येणार नाही.

आपत्कालीन होड्यांचा विचार वेगळा. सप्टेंबर 2022 मध्ये बेंगळुरूच्या बेल्लंदूर-यमलूर भागात पाणी भरले, तेव्हा माणसांना बाहेर काढायला रस्त्यांवर बोटी आणि ट्रॅक्टर फिरले. अशी बोट वर्षभर पडून असते आणि एका रात्री तातडीने लागते. तिच्या कव्हरला नेटकेपणापेक्षा झटकन सुटणारी बकले महत्त्वाची.

मापाने कधी शिवावे

उघड्यावर, बारा महिने, डोलकाठी उभी ठेवून राहणारी होडी असेल आणि क्लासचे तयार कव्हर मिळत नसेल, तर शिवूनच घ्यावे. डोलकाठी आणि तिला धरून ठेवणाऱ्या तारा यांच्याभोवती रेडिमेड कव्हर कधीच नीट मिटत नाही. पाणी नेमके तिथूनच आत जाते. होडी हाताने बांधलेली किंवा बदल केलेली असेल, ट्रेलरवरून हमरस्त्याने न्यायची असेल, तरीही मापाचेच. हमरस्त्याच्या वेगात सैल कापडाच्या चिंध्या व्हायला वेळ लागत नाही.

शिवून घेताना

बेंगळुरूत जे. सी. रोडवर गाड्यांची सीट कव्हरे शिवणारी दुकाने आहेत. जाड कापडाची यंत्रे आणि हात दोन्ही तिथे मिळतात. दोर, पाइप, आयलेट यांसाठी एस. पी. रोडच्या हार्डवेअर बाजारात जावे. पण सीटचे काम गाडीच्या आतले आणि होडीचे उघड्यावरचे, हा फरक कारागिराला आधीच सांगावा लागतो.

सर्वांत महत्त्वाचा दोरा. कव्हर फाटते तेव्हा पुष्कळदा कापड धड असते आणि शिलाई उसवलेली असते. सुती दोरा कुजतो. नायलॉन मजबूत असतो, पण उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर कमकुवत होतो. म्हणून उन्हात टिकणारा जाड पॉलिएस्टर दोराच मागावा. शिलाई दुमडून दुहेरी घालावी आणि ती शक्यतो उताराच्या दिशेने जावी, म्हणजे तिच्यावर पाणी थबकत नाही.

माप कागदावरून देऊ नये. होडी जशी उभी राहणार तशी ठेवून, बूम किंवा कमानी लावून, त्यावर स्वस्त प्लॅस्टिक अंथरावे आणि मार्करने खुणा कराव्यात. सुती कॅनव्हास असेल तर कापण्याआधी भिजवून वाळवावा, कारण तो आटतो. बाजूला दोन ठिकाणी हवेसाठी झाकणदार खिडक्या ठेवाव्यात. होडीचे टोक आणि लोखंडी कड्या जिथे कापडाला टेकतात तिथे आतून दुहेरी पट्टी लावून घ्यावी.

कव्हर घालण्याआधी

उत्तम कव्हरही ओल्या होडीवर घातले तर आत बुरशी वाढवते. बेंगळुरूच्या थंड रात्री आतली वाफ कापडाला लागून थेंब बनते आणि परत होडीत पडते. तलावाचे पाणी धुऊन होडी कोरडी करावी, पाणी जाण्याचे बूच काढून ठेवावे आणि ते भोक जिकडे आहे ती बाजू किंचित खाली झुकवावी. शीड कव्हरखाली ओले ठेवू नये.

निर्णय कसा घ्यावा

तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. होडीवर छप्पर आहे का? असेल तर साधे रेडिमेड घ्या आणि विषय संपवा. नसेल तर होडी एखाद्या क्लासची आहे का? असेल तर क्लासचे कव्हर. तेही नसेल तर ती तुमच्याकडे निदान पाच वर्षे राहणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तरच शिवायला टाका, आणि खर्चाला कात्री लावायची वेळ आलीच तर ती कापडाला लावा, दोऱ्याला आणि मापाला नको. उत्तर ‘नाही’ असेल तर उरलेल्या पैशांत पाइपच्या कमानी आणि चांगले पट्टे घ्या. रेडिमेड कव्हरला उतार आणि ताण मिळाला की त्याची बरीचशी उणीव भरून निघते.