हॉटेलातली गादी घरी आणताना

एका प्रशिक्षणासाठी आमच्या शाळेतून आम्ही तिघे गेलो होतो. आयोजकांनी राहण्याची सोय एका चांगल्या हॉटेलात केली होती. परतीच्या प्रवासात आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, "प्रशिक्षणाचे राहू द्या. तीन रात्री कंबर दुखली नाही. मला तसली गादी हवी."

बाईंचे कंबरदुखणे जुने. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून त्या कित्येक महिने फरशीवर सतरंजी टाकून झोपत होत्या. त्याआधी एका दुकानातून घेतलेली फोमची गादी दोन वर्षांत मधोमध बसली होती. आता भिशीचे पैसे हाती आले होते. पुन्हा फसगत नको, म्हणून त्यांनी आम्हा दोघा विज्ञान शिक्षकांना बरोबर घेतले. दुकानात 'ऑर्थोपेडिक', 'हॉटेल कम्फर्ट' असे पुष्कळ शब्द ऐकू आले, पण मोजता येईल असे काहीच हाती लागेना. शेवटी रिकाम्या हाताने परतलो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

गादी काय करते?

गादी आपले वजन कमी करत नाही, ते पसरवते. ६० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती फरशीवर उताणी झोपली, की डोक्याची मागची बाजू, खांदे, नितंब, पोटऱ्या आणि टाचा एवढेच भाग टेकतात. कमरेखालून हात सहज सरकतो. टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ १००० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर सरासरी ६० ग्रॅम वजन येते. गादीत शरीर थोडे रुतून हेच क्षेत्रफळ ४००० चौरस सेंटिमीटर झाले, तर ते १५ ग्रॅमवर येते.

या आकड्यांना अर्थ कशामुळे येतो? यूजीन लँडिस या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये माणसाच्या नखाजवळच्या त्वचेतील केशवाहिन्यांमधला रक्तदाब प्रत्यक्ष मोजला. रोहिणीकडील टोकाशी तो सरासरी ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४४ ग्रॅम होतो. बाहेरचा दाब याहून बराच वाढला आणि टिकून राहिला, तर त्या जागी रक्त पोहोचणे अवघड होते. प्रत्येकाच्या बाबतीत हीच नेमकी मर्यादा असते असे नाही, पण अंदाजासाठी आकडा उपयोगी आहे. झोपेतही आपण नकळत कूस बदलतो, त्याचे एक कारण हेच. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला ते जमत नाही. म्हणून त्याची कूस दर काही तासांनी बदलून द्यावी लागते, नाहीतर जखमा होतात.

मग जितकी मऊ तितकी चांगली?

नवार सैल झालेल्या पलंगावर झोपलेल्यांना उत्तर ठाऊक आहे. शरीराचा सर्वांत जड भाग कटीचा. मऊ गादीत तोच सर्वांत खोल जातो आणि पाठीचा कणा झोळीसारखा वाकतो. दाब कमी होतो खरा, पण कण्याभोवतीच्या स्नायूंना रात्रभर ताण बसतो.

म्हणून 'कंबर दुखते तर कडक झोपा' हा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला गेला. त्याची परीक्षा स्पेनमधील डॉक्टरांनी घेतली आणि निष्कर्ष २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक, तर काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. तीन महिन्यांनंतर मध्यम कडक गादीवाल्यांना वेदना आणि हालचालींतील अडचण या दोन्ही बाबतींत अधिक आराम पडलेला दिसला. म्हणजे बाईंची फरशीही चुकीची होती आणि बसलेली गादीही.

हॉटेलच्या गादीतील युक्ती

हॉटेलातला बिछाना मऊ वाटतो, पण आपण त्यात बुडत नाही. कारण तिथे एक गादी नसून थर असतात. खाली ताठर स्प्रिंगचा थर, वर फोमचा किंवा तंतूंचा मऊ थर, त्यावर जाड पलंगपोस. अमेरिकेतील वेस्टिन या हॉटेलसाखळीने १९९९ मध्ये असा बिछाना 'हेवनली बेड' या नावाने आणला. पाहुणे तोच घरी नेण्यासाठी विचारू लागले, तेव्हा कंपनीने तो विकायलाही सुरुवात केली.

थरांचे काम अकरावीच्या विद्यार्थ्याला समजेल असे आहे. एकावर एक ठेवलेल्या दोन स्प्रिंगांवर बल सारखेच असते, पण मऊ स्प्रिंग अधिक दबते. कमरेसारख्या हलक्या भागाखाली केवळ वरचा थर थोडा दबून आधार देतो. कटीखाली तो पुरता दबतो आणि मग खालचा ताठर थर भार पेलतो. शरीराला जागा मिळते आणि कणाही सरळ राहतो.

स्प्रिंगच्या थराचे दोन मुख्य प्रकार दुकानात दिसतात. एकात सर्व स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात; एक दबली की शेजारचीही खेचली जाते. दुसऱ्यात प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत असते आणि बरीचशी स्वतंत्रपणे दबते. ही दुसरी कल्पना जेम्स मार्शल यांची, १९०० च्या सुमाराची. शेजारी झोपलेल्याने कूस बदलली तरी आपल्याला धक्का कमी बसतो, तो हिच्यामुळे.

विक्रेते स्प्रिंगांची संख्या सांगतात. तारेची जाडीही विचारावी. स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. बाकी सारे तेच ठेवून तार २ मिलिमीटरऐवजी २.२ मिलिमीटर घेतली, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठर होते.

घनता म्हणजे कडकपणा नव्हे

बाईंची जुनी गादी का बसली? दुकानदाराने 'कडक आहे, म्हणजे टिकेल' असे सांगितले होते. इथेच गफलत आहे. कडकपणा म्हणजे फोम दाबायला लागणारे बल. घनता म्हणजे एका घनमीटरात किती किलोग्रॅम द्रव्य आहे ते. रसायनांचे मिश्रण बदलून कमी घनतेचा फोमही कडक करता येतो. पण त्याच्या पेशींच्या भिंतींत द्रव्य थोडे असल्याने त्या रोजच्या दाबाने लवकर थकतात.

आम्ही त्या गादीची खोळ काढली आणि फोम वाण्याच्या काट्यावर ठेवला: ३.१ किलोग्रॅम. लांबी ६ फूट, रुंदी ३ फूट, जाडी ४ इंच, म्हणजे घनफळ ०.१७ घनमीटर. घनता आली सुमारे १८. याच मापाचा '३२ घनतेचा' फोम सुमारे साडेपाच किलोग्रॅम भरायला हवा आणि '४०'चा ६.८ किलोग्रॅम. भागाकार पाहून बाई काही वेळ गप्प राहिल्या.

एक सावधगिरी मात्र हवी. खडूसारखी भुकटी मिसळूनही फोमचे वजन वाढवता येते. त्यामुळे हलका फोम काट्यावर पकडला जातो, पण जड फोम चांगलाच असेल याची खात्री काटा देत नाही. किती सेंटिमीटर खळगा पडला तर गादी बदलून मिळेल, हे हमीपत्रावर लिहून घेणे बरे.

आपली हवा

हॉटेलची खोली वातानुकूलित असते, हेही विसरू नये. दाबल्यावर हळूहळू पूर्ववत होणारा 'मेमरी फोम' चार्ल्स योस्ट यांनी १९६६ मध्ये नासासाठी विमानातील आसनांकरिता विकसित केला. तो उबेने मऊ आणि थंडीने ताठ होतो, शिवाय शरीराची उष्णता धरून ठेवतो. मे महिन्यात नागपूरला किंवा दमट रत्नागिरीला पंख्याखाली त्याचा जाड थर नकोसा होऊ शकतो. कापूस किंवा काथ्याच्या गादीतून हवा अधिक खेळते.

वर्गात करून पहा

फोमचा चौकोनी तुकडा घ्या. त्यावर पुठ्ठा ठेवून एकेक वजन वाढवा आणि दर वेळी जाडी मोजून आलेख काढा. स्प्रिंगचा आलेख सरळ रेषेत येतो. फोमचा मात्र आधी चढतो, मग आडवा होतो आणि शेवटी पुन्हा उभा चढतो. आधी पेशींच्या भिंती वाकतात, मग मुडपतात आणि अखेर एकमेकींना टेकतात. गादी अशी निवडावी, की आपले वजन या शेवटच्या टप्प्यात पोहोचू नये.

पुढच्या वेळी दुकानात बाई चपला काढून पंधरा मिनिटे कुशीवर झोपल्या. त्यांच्या मुलीने मानेपासून माकडहाडापर्यंत दोरा धरला आणि कणा त्याला समांतर आहे की नाही ते आम्ही पाहिले. पहिल्या दोन गाद्या नापास झाल्या. तिसरी, पिशवीतल्या स्प्रिंगांची आणि वर दोन इंच फोमची, त्यांनी घेतली. 'हॉटेल' हा शब्द तिच्यावर कुठेही नव्हता.

दुखणे पूर्ण गेलेले नाही. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम चालूच आहेत. पण सकाळी उठताना बाईंना आता भिंत धरावी लागत नाही. जुन्या गादीचे तुकडे करून त्यांनी ते प्रयोगशाळेला दिले. वरच्या प्रयोगात आमचे विद्यार्थी तेच वापरतात.