भुकटीचा भरीव चुंबक

लोहचुंबक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शाळेतला तो घोड्याच्या नालासारखा, तांबडा रंग दिलेला चुंबक उभा राहतो. आज कामाला लागलेला चुंबक मात्र तसा नाही. विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये किंवा एखाद्या मोठ्या पवनचक्कीच्या जनित्रात जो चुंबक बसवलेला असतो, तो दिसायला एक साधी चकचकीत वडी असते. ती पोलादी पत्र्याला चिकटली, तर हाताने सोडवताना माणूस घामाघूम होतो.

ही वडी निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूची असते. निओडिमियम हे ‘विरल मृत्तिका’ नावाच्या मूलद्रव्यांच्या कुटुंबातले. हा मिश्रधातू १९८३ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पुढे आला. जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीत जॉन क्रोट यांनी तो शोधून काढला. मिश्रधातू एकच, पण त्याचा चुंबक बनवण्याच्या वाटा मात्र दोन.

आता कुणी विचारील, धातू वितळवून साच्यात ओतला की झाला चुंबक! त्यासाठी भुकटीची उठाठेव कशाला? या प्रश्नाच्या उत्तरातच आजच्या विषयाची मेख आहे.

चांगल्या चुंबकात दोन गुण लागतात. पहिला गुण ओढीचा, तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा गुण हट्टाचा. मोटरमध्ये चुंबकावर सतत उलट दिशेचे चुंबकीय बळ येत असते. त्यातच मोटर तापते. अशा वेळी आपली दिशा न सोडण्याचा हट्ट चुंबकापाशी नसेल, तर त्याची ओढ कायमची कमी होते. नुसती ओढ लोखंडालाही येते; पण लोखंडाला हट्ट नाही, म्हणून ते टिकाऊ चुंबक होत नाही.

हा हट्ट येतो कुठून? पहिली गोष्ट मिश्रधातूच्या स्फटिकाची घडण. ती योग्य हवीच. परंतु तेवढ्याने भागत नाही. धातूचा कोणताही तुकडा असंख्य बारीक स्फटिकांचा, म्हणजे दाण्यांचा बनलेला असतो. एखाद्या दाण्यात कोपऱ्यातल्या एका दुबळ्या जागी दिशा उलटली, की ती उलथापालथ क्षणात सगळ्या दाण्यात पसरते. शेतकरी सगळा कडबा एकाच मोठ्या गंजीत ठेवत नाही. लहान लहान गंजी लावतो आणि मध्ये मोकळी जागा सोडतो. एका गंजीला ठिणगी लागली तर तेवढीच जळते, बाकीच्या वाचतात. चुंबकाचंही तसंच आहे. दाणे जितके बारीक आणि त्यांच्यामधली कुंपणं जितकी चांगली, तितकं एका दाण्याचं नुकसान त्याच्यापुरतंच राहतं. ओतीव धातूत दाणे मोठमोठे होतात, म्हणून ओतीव काम इथे चालत नाही.

सागावांची वाट अशी. मिश्रधातू दळून तीन ते पाच मायक्रॉनची भुकटी करायची. चुंबकीय क्षेत्रात ठेवून तिचे सगळे कण एका दिशेला वळवायचे, दाबायचे आणि हजार अंश सेल्सिअसहून थोड्या अधिक उष्णतेत काही तास भाजायचे. आज जगातले बहुतेक जोरदार चुंबक असेच बनतात. या वाटेने दाणा आणखी बारीक करू पाहिला तर अडचण येते. ही भुकटी जितकी बारीक, तितकी हवेतला प्राणवायू झपाट्याने घेते आणि आपोआप पेटही घेते.

क्रोट यांनी निराळा उपाय केला. वितळलेल्या मिश्रधातूची बारीक धार त्यांनी वेगाने फिरणाऱ्या थंड धातूच्या चाकावर सोडली. धार चाकाला लागताच गोठते आणि तिची पातळ फीत सुटून पडते. साजूक तूप हळूहळू थिजले तर त्याला मोठा रवा येतो आणि एकदम थंड केले तर ते गुळगुळीत होते, हे घरोघरी माहीत आहे. इथे तर धातू क्षणार्धात थिजतो; साहजिकच त्यातले दाणे अवघे काही दहा नॅनोमीटरचे राहतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. ही फीत कुटून जी भुकटी होते, तिचा कण डोळ्याला दिसण्याइतका मोठा असतो. पण त्या एका कणाच्या पोटात अक्षरशः कोट्यवधी दाणे असतात. म्हणजे दाणा बारीक राहिला आणि भुकटी पेटण्याची धास्तीही कमी झाली.

पण एक काम उरलेच. भुकटी म्हणजे काही वडी नव्हे. कणाकणांत पोकळ्या असतात आणि पोकळीला चुंबकत्व नसते. राळ घालून साच्यात दाबली तर वडी जमते खरी. परंतु तिच्यातली बरीच जागा राळ आणि हवा यांनी अडवलेली असते. पोकळी घालवायची तर भाजायला हवे. आणि हजार अंशांवर तासन् तास भाजले, तर ते नॅनोमीटरचे दाणे एकमेकांना गिळून मोठे होतात. ज्या बारीक दाण्यासाठी सगळा खटाटोप केला, तोच भट्टीत जायचा! मग करायचं काय?

तोड निघाली ती उष्णता कमी करून दाब वाढवण्यात. जनरल मोटर्समध्येच आर. डब्ल्यू. ली यांनी १९८५ साली ती दाखवून दिली. भुकटी साच्यात घालून सातशे ते आठशे अंशांपर्यंत तापवायची आणि दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक टन दाब द्यायचा, तोही थोडाच वेळ. मिश्रधातूत निओडिमियमचा अंश जरा जास्त ठेवलेला असतो. या उष्णतेला त्या जादा निओडिमियमची दाण्यांच्या सांध्यांत पातळ, वितळलेली साय धरते. लाडू वळताना पाक जसा रव्याला धरतो, तशीच ती दाण्यांना धरते, पोकळ्या भरते आणि थंड झाल्यावर दाण्यांमधले कुंपणही होते. वडी भरीव झाली आणि दाणा वाढायला वेळच मिळाला नाही.

यात एक उणीव राहते. दाण्यांची तोंडे अजून दाही दिशांना असतात. त्यामुळे ओढ कमी पडते. म्हणून ती भरीव वडी तशीच गरम असताना, बाजूंना मोकळी जागा देऊन, पुन्हा दाबून चपटी करतात. उंची जवळजवळ एकतृतीयांशावर येते. गोल दाणे चपटे होतात आणि पत्त्यांच्या चवडीसारखे एकावर एक निजतात. सगळ्यांची चुंबकीय दिशा आता दाबाच्या दिशेला येते. ली यांच्या प्रयोगांत चुंबकाची शक्ती एवढ्यानेच जवळजवळ तिप्पट झाली.

या सगळ्याचे आपल्याला काय? पुष्कळ आहे. नेहमीच्या निओडिमियम चुंबकाचा हट्ट उष्णतेत ढिला पडतो. मोटारगाडीची मोटर दीडशे अंशांच्या आसपास तापते. तिथे तो टिकावा म्हणून त्यात डिस्प्रोशियम हे आणखी दुर्मिळ मूलद्रव्य घालतात. ते महाग असते, शिवाय त्याने ओढही कमी होते. आणि ते मिळते मुख्यतः दक्षिण चीन व म्यानमार इथल्या मातीतून. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोशियमसह सात विरल मृत्तिका आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. त्याची झळ त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आपल्या पुण्यातल्या विजेच्या स्कूटरच्या उत्पादनालाही लागली.

दाणा बारीक ठेवला तर हा हट्ट डिस्प्रोशियमवाचूनही बराचसा मिळतो. ही नुसती कल्पना नाही. जपानच्या होंडा कंपनीने दाइदो स्टील कंपनीच्या साहाय्याने असे गरम दाबून चपटे केलेले चुंबक २०१६ साली आपल्या गाडीच्या मुख्य मोटरमध्ये बसवले. त्यात डिस्प्रोशियम नव्हते. त्यासाठी मोटरची रचनाही त्यांना थोडी बदलावी लागली, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या देशापुरते बोलायचे तर केरळ, तमिळनाडू आणि ओडिशा यांच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट आहे. त्यात निओडिमियम चांगले आहे. डिस्प्रोशियम मात्र नाममात्र. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने वर्षाला ६,००० टन चुंबक देशातच बनावेत म्हणून ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ती भाजून बनवण्याच्या पहिल्या वाटेची आहे आणि सुरुवात म्हणून ते ठीकच आहे. परंतु आपल्या वाळूत जे आहे त्यावर भागवायचे आणि जे नाही त्यासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहायचे नसेल, तर भुकटीतला दाणा बारीक राखून वडी भरीव करण्याची ही विद्या आपल्या प्रयोगशाळांनी आणि कारखान्यांनी हस्तगत केली पाहिजे. खाण आपल्या हातची नसते, भट्टी आणि दाबयंत्र मात्र आपल्या हातचे असते.