आखातातला माणूस कायमचा घरी येतो तेव्हा

आपल्या रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी गावांतली माणसं दुबई, कुवेत, सौदी, कतारला कामाला जातात. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आली की घरात सण असतो. तीच माणसं कायमची परत आली की मात्र कुरबुरी सुरू होतात. तो म्हणतो, "इथं काही वेळेवर होतच नाही." ती म्हणते, "तुम्हाला आता इथलं काही पटतच नाही." हे असं का होतं, ते आज पाहू.

पहिलं कारण सवयीचं. दुबईत वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्या रत्नागिरीत ३ हजारांच्या वर. पावसाळ्यातला चिखल, गेलेली वीज, न आलेली एसटी हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, त्याचं मात्र ते सुटलेलं असतं. तिथं दिवस घड्याळावर चालतो. दुबई ज्या देशात आहे त्या संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन मजुरांकडून उन्हात काम करून घ्यायला बंदी असते. अशा ठरलेल्या वेळांची सवय लागली की इथला दिवस त्याला विस्कळीत वाटतो.

पण एक ध्यानात घ्या. तिथं असताना त्याला तिथली दाटीवाटीची खोली आणि इथलं अंगण आठवायचं. इथं आल्यावर तिथला गुळगुळीत रस्ता आणि इथला खड्डा दिसतो. म्हणून त्याच्या बोलण्याचा लगेच राग धरू नका. "तिथं तुम्ही राहायचात कसं, जेवायचात काय?" असं निवांत विचारा. फोनवर न सांगितलेलं बरंच काही तेव्हा बाहेर येतं.

दुसरं कारण घराचं. तो गेला तेव्हाचं घर त्याच्या मनात तसंच असतं. मधल्या काळात बँक, शेती, घरपट्टी, शाळा, बचत गट हे सगळं तुम्ही सांभाळलेलं असतं. पोरं आधी आईलाच विचारतात, त्यामुळे त्याला स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं. मग "मला का नाही विचारलं?" हा प्रश्न येतो. अशा वेळी सगळा कारभार एका दिवसात सोडून देऊ नका आणि लपवूनही ठेवू नका. गटाच्या बैठकीत वही उघडतो तशी घरची वही उघडा. हप्ते किती, येणं किती, देणं किती, ते दोघांनी बसून पाहा. पुढं काय कोण बघणार, तेही तेव्हाच ठरवा.

बाई परदेशातून परत आली तर तिचं आणखी अवघड. तिच्यापुढं पहिल्याच दिवशी चूल येते. तिलाही थोडी उसंत द्या.

तिसरं कारण पैशाचं. दर महिन्याचा पैसा थांबतो, पण उसने मागणारे वाढतात. अमिरातीत वर्षभर नोकरी झाली असेल तर ती सोडताना कायद्यानं ग्रॅच्युइटी मिळते. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागं २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा. नोकरी संपल्यावर १४ दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो. तिथून निघण्याआधीच तो पाहायला सांगा. इथं आल्यावर परदेशात राहणाऱ्यांचं एनआरई खातं साध्या खात्यात बदलून घ्यावं लागतं, म्हणून बँकेत लगेच कळवा. आलेला सगळा पैसा स्लॅबमध्ये किंवा लग्नात घालू नका. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा.

त्याच्या हातात वायरिंग, प्लंबिंग, एसी दुरुस्ती असं काही कसब असेल तर ते गटात सांगा. गावात अशी कामं निघतच असतात. आणि तुमच्या गटातल्या कुणाच्या घरी असं माणूस नुकतंच परत आलं असेल, तर येत्या बैठकीत तिला विचारा, "घरी कसं चाललंय?"