शिट्टी मारणारी गोळी

१९८९ साली नर्फ या खेळण्यांच्या ब्रँडची पहिली बंदूक आली ती फोमचे चेंडू उडवणारी. १९९२च्या शार्पशूटरपासून फोमच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी उडते आणि लागली तरी दुखत नाही, एवढंच अप्रूप तेव्हा पुरायचं. पुढे ते पुरेना. मग खोक्यावर दरवेळी काहीतरी नवं छापणं आलं.

२००५च्या मॅव्हरिकमध्ये सहा गोळ्यांचं फिरतं चक्र होतं. दर बारला नवी गोळी भरायची कटकट वाचली, म्हणजे ते नावीन्य कामाचं. २००८च्या रेकॉनबद्दल तसं म्हणवत नाही. तिला जोडायची लांब नळी होती, दस्ता होता, दिवाही होता. लांब नळीने गोळी लांब जाईल असं पोरांना वाटायचं, मलाही वाटलं होतं. पण गोळीला ढकलणारी हवा दट्ट्याच्या पोकळीत मावेल तेवढीच. तिचा जोर सरल्यावर नळी गोळीला वेग देत नाही. गोळी घासलीच, तर आहे तो वेगही खाते. ऐट मात्र जबरदस्त, आणि आठ वर्षांच्या मुलासाठी ऐट फुकट जात नाही, हेही खरं.

त्याच वर्षीची व्हल्कन आमच्या घरी होती. पंचवीस गोळ्यांचा पट्टा, तिपाई, पोटात सहा जाडे सेल. पळापळीच्या खेळात तिपाईपाशी बसणार कोण? पट्टा भरून होईपर्यंत लढाई जिन्यावर पोचलेली असायची. २०१४च्या कॅम बंदुकीत तर कॅमेरा आणि छोटा पडदा होता. घरातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा असताना तो बंदुकीला कशाला, हे मला आजही कळलेलं नाही.

२०१३ साली आलेल्या मेगाच्या जाड लाल गोळ्या उडताना शिट्टी मारायच्या. त्यांनाही मी आधी हसलो होतो. शत्रूला वर्दी देणारी गोळी! पण टिकल्यांच्या पिस्तुलात उडत काहीच नसे, सगळी मजा आवाजाची, हे दिवाळीत वाढलेल्या माणसाने विसरायला नको होतं. नेम चुकला तरी कानाजवळून काहीतरी सूंऽऽ करत गेलं की पोरं आपसूक खाली वाकायची. सावध झालेला गडी निसटायचा, आणि खेळ लांबायचा.

व्हल्कनचे सेल कधीच टॉर्चमध्ये गेले. आमच्या मेगाला सेल लागतच नाहीत. परवा सोफा सरकवताना एक लाल गोळी सापडली. तेव्हा खेळणारा भाचा आता दाढी करतो. त्याने मुकाट्याने माळ्यावरची मेगा काढली, खटका मागे ओढला, गोळी सोडली. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "अरे, फोटो फुटेल!"