जठराचा कर्करोग नशिबाचा नव्हे

जठराचा कर्करोग ‘नशिबात होता’, असे रुग्ण मला सांगतात. पण मिझोरामकडे पाहा. देशात या रोगाचे प्रमाण तिथे फार मोठे आहे. धुरावलेले मांस, खारवलेले पदार्थ आणि तंबाखूच्या धुराचे पाणी, म्हणजे ‘तुइबूर’, यांच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला आहे.

दुसरे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवले. पुढे, २००५ मध्ये, त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळाले. योग्य औषधांनी हा जिवाणू जातो आणि धोकाही घटतो.

म्हणून मी सांगतो, मीठ कमी करा, तंबाखू सोडा. सततचे पित्त, घटते वजन, काळी शौच असेल तर सोड्यावर भागवू नका. दुर्बिणीने तपासणी करून घ्या.