लेकरू गेल्यावर : चूक कोणाची, दावा कोणावर?

रोवणीचे दिवस आले की आमच्या भागातल्या दवाखान्यांत दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या बाया आणि तापाने फणफणलेली पोरे. तिसरा प्रकार आहे, पण त्याला रुग्ण म्हणवत नाही.

काही वर्षांपूर्वी आषाढातल्या एका दुपारी दोघे जण चार वर्षांच्या मुलाला मोटारसायकलवर मधे धरून घेऊन आले. मागून दुसऱ्या गाडीवर आई, चिखलाच्या पायांनी. ती दुसऱ्याच्या बांधीत रोजीने रोवणीला गेली होती आणि मुलगा धुऱ्यावर खेळत होता. शेजारी बोडी. त्या बोडीच्या एका कडेने उन्हाळ्यात रस्त्याच्या कामासाठी मुरूम खोदून नेला होता आणि दीड पुरुष खोल खड्डा तसाच सोडला होता. पावसाने बोडी भरली आणि वरून सगळे पाणी सारखेच दिसू लागले.

मी नाडी पाहिली, डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या. करण्यासारखे काही उरले नव्हते. आणि तोंडातून प्रश्न गेला, ‘‘बाई, तुमचं लक्ष कुठं होतं?’’

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये जे शब्द परत घ्यावेसे वाटतात त्यांत हे पहिले. कारण त्यानंतर घरातल्या प्रत्येकाने तेच विचारले, आणि डॉक्टरसाहेबांनीही विचारले म्हणून जरा जास्त जोराने विचारले. वास्तविक त्या बाईचे लक्ष कुठे असायला हवे होते ते वैद्यकशास्त्र सांगते, पण तिला शक्य होते ते नाही. बुडणारे मूल ओरडत नाही. नाकातोंडात पाणी गेले की आवाज फुटतच नाही. लहान मूल मिनिटभरात शांतपणे खाली जाते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. रोप लावताना कंबर वाकवलेली बाई एक ओळ पुरी करून मान वर करते, तेवढाच हा वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुले होती. या सगळ्यांच्या आया निष्काळजी नव्हत्या.

या निमित्ताने उपचाराचेही सांगून टाकतो. पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे टांगून गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे अजून चालते. त्यात फक्त वेळ जातो. श्वास नसेल तर मुलाला सपाट जमिनीवर उताणे ठेवून तोंडाने श्वास द्यायला लागावे, छाती दाबावी, आणि हे करत करतच वाहन बोलवावे. १०८ ला फोन कोणी तरी दुसऱ्याने करावा. मूल शुद्धीवर आले, हसले, तरीही त्याला रुग्णालयात न्यावेच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो.

असो. त्या दिवशी मी ठाण्याला कळवले तेव्हा आजोबा हात जोडून म्हणाले, ‘‘पोस्टमार्टम नका करू जी, लेकराला चिरू नका.’’ हे मी इतक्या वेळा ऐकले आहे की याचे उत्तर लिहून ठेवायला हवे. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन ही पोलिसांच्या तपासाची बाब आहे, डॉक्टरच्या किंवा घरच्यांच्या मर्जीची नाही. मूल बुडूनच गेले की आधी फिट आली, डोक्याला मार होता का, हे त्यातूनच कळते. आणि पुढे कोणाला जाब विचारायचा असेल, सरकारी मदत मागायची असेल, तर पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल हे दोनच कागद कामी येतात. दुःखाच्या भरात परस्पर अंत्यविधी उरकला तर नंतर त्या मुलाचा मृत्यू कशाने झाला हेसुद्धा सिद्ध करता येत नाही. दोन्हींच्या नकला मागून घ्याव्यात, पत्र्याच्या पेटीत ठेवाव्यात.

तेरवी झाल्यावर मुलाचा बाप दवाखान्यात आला. मुरूम नेणाऱ्यांकडचा एक माणूस काही रक्कम घेऊन घरी येऊन गेला होता. ‘‘डॉक्टरसाहेब, केस करू, का घेऊन टाकू? लोक म्हणतात, लेकराचे पैसे करतो.’’ मला तेव्हा उत्तर देता आले नाही. मी कायद्याचा माणूस नव्हे. पण पुढे विचारपूस केली, वकील मित्रांकडे बसलो, निकाल वाचले. त्यातले जे कळले ते असे.

पहिली गोष्ट, दोन वेगळ्या वाटा आहेत. एक फौजदारी. हलगर्जीपणाने मृत्यू ओढवला तर पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ लागे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. हा गुन्हा गावात बसून आपसात मिटवण्यातला नाही; पैसे घेतले म्हणून तो पुसला जात नाही. दुसरी वाट भरपाईची. १८५५ सालचा प्राणघातक अपघात कायदा अजून चालू आहे, त्याखाली आईबाप दावा लावू शकतात. मुदत मृत्यूपासून दोन वर्षे. वाहनाच्या अपघाताचे न्यायाधिकरण वेगळे. तिथे सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा हे बरे.

दुसरी गोष्ट, ‘आईचे लक्ष नव्हते’ एवढे म्हटल्याने खड्डा करणारा सुटत नाही. मद्रासकडच्या एका सहा वर्षांच्या मुलाचा उघड्या मलटाकीत पडून मृत्यू झाला होता. टाकी नेमकी कोणत्या खात्याच्या हलगर्जीने उघडी राहिली ते ठरवता येत नाही म्हणून उच्च न्यायालयात आईच्या पदरी काही पडले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली सांगितले की ते सरकारने नंतर आपसात ठरवावे, आधी आईला ५०,००० रुपये व्याजासह द्यावेत. आपल्याकडे खाते खात्याकडे बोट दाखवते तेव्हा हा निकाल आठवावा. मुंबईत वडाळ्याच्या महापालिकेच्या उद्यानात मार्च २०२४ मध्ये चार आणि पाच वर्षांचे दोन भाऊ पाण्याच्या टाकीत बुडाले. आईबाप गरीब होते, कोर्टात गेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली आणि या शहरात माणसाच्या जिवाची किंमत काय, असा जाब महापालिकेला विचारला.

शाळेच्या ताब्यात मूल दिले की लक्ष ठेवण्याची जबाबदारी शाळेची. मे १९९५ मध्ये डलहौसी पब्लिक स्कूलची १४ मुले सहलीत बियास नदीत बुडाली. प्रत्येकामागे ५ लाख रुपये भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली कायम केली. कूपनलिकांबद्दल तर याच न्यायालयाचे २०१० चे स्पष्ट निर्देश आहेत : खोदताना काटेरी तार आणि फलक, तोंडावर घट्ट बसवलेले लोखंडी झाकण, आणि पाणी न लागलेले भोक जमिनीच्या पातळीपर्यंत मातीने-वाळूने भरलेले. शेतात असे भोक उघडे ठेवणारा आपल्यातलाच असतो. ‘पोती टाकून ठेवली होती’ हा बचाव नव्हे.

आता आमच्या पेशाकडे येतो, कारण लोक विचारतील. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. १७ बाळे होती, १० गेली. १ मे १९९९ पर्यंत आमचा गोंदिया त्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे ते रुग्णालय आम्हाला परके नाही. सरकारने प्रत्येकी ५ लाख दिले, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आणि पुढच्या महिन्यात पोलिसांनी रात्रपाळीच्या दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदवला. त्या दोघींचा दोष होता की नव्हता हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण बोडीकाठच्या आईला विचारला तोच प्रश्न त्यांना विचारला गेला, लक्ष कुठे होते. आग विझवण्याची व्यवस्था, तारांची तपासणी, रात्री किती बाळांमागे किती माणसे, हे प्रश्न त्याच्या आधीचे आहेत आणि ते वरच्या मजल्यावर विचारावे लागतात. जबाबदारी ठरवताना जो सर्वांत शेवटी तिथे उभा होता त्याच्यावर बोट ठेवणे सर्वांत सोपे असते. म्हणून मी दाव्याच्या विरुद्ध नाही. नीट चाललेला दावा ते बोट मागे मागे नेतो.

डॉक्टरवर लगेच फौजदारी लावू नये, हे मी डॉक्टर म्हणून म्हटले तर स्वार्थ वाटेल. पण सर्वोच्च न्यायालयानेही २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात म्हटले आहे की डॉक्टरला गुन्हेगार ठरवायला साधी चूक पुरत नाही, हलगर्जी ढळढळीत असावी लागते, आणि आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घ्यावे. तरीही मूल औषधपाण्यात गेले असे वाटले तर केसपेपरची नक्कल मागणे हा आईबापाचा हक्क आहे. दगड मारण्यापेक्षा ती नक्कल जास्त लागते.

राहिले लोकांचे बोलणे, ‘लेकराचे पैसे करतो’. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांच्या एका मुलाच्या अपघाती मृत्यूत वर्षाचे ३०,००० रुपये काल्पनिक उत्पन्न धरून ५ लाख मंजूर केले. या आकड्यांनी कोणाचे घर भरत नाही. पण खड्डा बुजवायला जो खर्च येतो त्यापेक्षा हा खर्च जास्त आहे, एवढे ठेकेदाराला कळते.

पुढच्या रोवणीत ती बाई धाकट्या मुलीचा खोकला घेऊन आली. मी तपासले, औषध लिहिले, आणि मग त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘तुम्ही विचारलं ते मी रोजच विचारते जी.’’

मूल पहिली ते बारावीत शिकत असेल तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सानुग्रह योजनेतून अपघाती मृत्यूस दीड लाख रुपये मिळतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, मुख्याध्यापकांना भेटावे. दाव्यासाठी वकिलाची फी नसेल तर गोंदियाच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत वकील मिळतो. अर्ज आईच्या नावाने करावा.