फर्मा एक, कपडे अनेक

घरचा डेटाबेस : लेखांक ६

मागच्या लेखांकात आपण घरच्या पुस्तकांची सूची केली. ते काम तसं सोपं होतं. पुस्तकाला शीर्षक असतं, लेखक असतो, प्रकाशनाचं वर्ष बहुधा आत छापलेलंच असतं. शिवणकामाच्या फर्म्यांचं तसं नाही. ब्राऊन पेपरच्या गुंडाळ्या, वर्तमानपत्रावर कापून ठेवलेली एकटीच बाही, कुणी परदेशातून आणलेली पाकिटं, बुर्डा मासिकाचे जुने अंक आणि अलीकडे उतरवून घेतलेल्या पीडीएफ. हा पसारा शंभराच्या वर गेला की हवा तो फर्मा शोधण्यापेक्षा नव्यानं ड्राफ्टिंग केलेलं लवकर उरकतं. म्हणजे फर्मे घरात असून नसल्यासारखे.

पाकिटांवर नंबर छापलेला असतो, सूचीत तोच घालावा आणि मोकळं व्हावं, असं प्रथम वाटतं. इथंच पहिली गोम आहे. मापवार कागदी फर्मे विकण्याची सुरुवात १८६३ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानं केली. त्याआधीही फर्मे विकत मिळत, पण एकाच मापाचे. घरी नेल्यावर ते आपल्या अंगाप्रमाणे वाढवायचे-उतरवायचे. बटरिकच्या पातळ कागदांवर छपाई नव्हती, नुसती भोकं आणि खाचा. कुठला तुकडा बाहीचा नि कुठला कॉलरचा, ते भोकांवरून ओळखायचं. छापील रेघांचे फर्मे मॅककॉल कंपनीनं १९२० च्या सुमारास आणले. पुढे कंपन्या वाढल्या, हजारो डिझाइन निघाली, आणि चार आकडी नंबर संपले की त्याच कंपन्यांनी तेच नंबर पुन्हा वापरले. त्यामुळे एकाच कंपनीचा एकच नंबर तीस वर्षांच्या अंतरानं दोन अगदी वेगळ्या कपड्यांवर सापडतो. त्यात बऱ्याच जुन्या पाकिटांवर सालच नसतं. छापील नंबर नोंदवायचा, पण ओळख म्हणून त्याच्यावर विसंबायचं नाही.

फर्मा नेमका ओळखायचा कसा, हे कोडं मोठ्या प्रमाणावर सोडवलं ते अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठानं. नाटकांसाठी वेशभूषा करणाऱ्या आणि तिथं शिकवणाऱ्या जॉय स्पॅनाबेल एमरी यांच्या पुढाकारानं तिथं ‘कमर्शियल पॅटर्न आर्काइव्ह’ उभं राहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या नाटकाला त्या काळचा कोट शिवायचा तर नुसतं चित्र पुरत नाही, कापड कसं बेतलं होतं ते कळावं लागतं. म्हणून या डेटाबेसमध्ये पाकिटावरच्या चित्राबरोबर आतल्या तुकड्यांच्या आकारांची आकृतीही दिलेली असते. आपल्याकडे शिवणक्लासच्या वहीत झबलं, टोपडं, परकर, पोलकं यांची छोट्या मापात कापलेली कात्रणं चिकटवायला लावतात, त्यामागचं शहाणपण हेच. तयार कपड्याचा फोटो मोहात पाडतो. तुकड्यांची आकृती हा कपडा आपल्याला जमेल का, ते सांगते. घरच्या नोंदीसाठी फर्म्याचे सगळे तुकडे फरशीवर पसरावेत, शेजारी टेप ठेवावी आणि वरून एक फोटो काढावा. मॉडेलच्या फोटोपेक्षा तो शंभर पटीनं कामाचा.

आता मुख्य प्रश्न. नोंद कशाची करायची?

समजा, एक कटोरी ब्लाउज आहे. पुढे हूक, मागे खोल गळा. हे झालं डिझाइन. त्याचा ३४ छातीचा एक फर्मा ब्राऊन पेपरवर आहे, ३८ चा दुसरा जाड कार्डशीटवर. या दोन वेगळ्या वस्तू आहेत, कदाचित दोन वेगळ्या खोक्यांत. आणि ३८ च्या फर्म्यावरून आतापर्यंत आत्याचा, मावशीचा, शेजारच्या काकूंचा असे कितीतरी ब्लाउज शिवून झालेत, प्रत्येकात थोडा-थोडा फेरफार करून. डिझाइन, फर्मा आणि शिवलेला कपडा हे तीन वेगळे थर आहेत. बहुतेक लोक एकाच लांबलचक तक्त्यात हे तिन्ही कोंबतात. मग ‘मागे खोल गळा’ हे दहा ओळींत दहादा लिहावं लागतं, आणि एका ओळीत दुरुस्ती केली की उरलेल्या नऊ चुकीच्या राहतात. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात जो रिलेशनल डेटाबेसचा विचार मांडला, त्याचं घरगुती सार एवढंच घ्या की एक गोष्ट एकाच जागी लिहायची आणि बाकीच्यांनी क्रमांकानं तिचा हवाला द्यायचा. म्हणून तक्ते तीन. कपड्याच्या ओळीत फर्म्याचा क्रमांक, फर्म्याच्या ओळीत डिझाइनचा.

यातला तिसरा तक्ता लोक टाळतात. शिवून झालं, आता काय लिहायचं? माझ्या मते सगळा डेटाबेस याच तक्त्यासाठी करायचा. त्यातली एक ओळ अशी दिसेल : ‘कपडा ११२, फर्मा ४७, वहिनी, छाती ३६, मार्च २०२४ चं माप, खण, अस्तरासह, मुंढा पाव इंच खाली उतरवला, कटोरीच्या टोकाशी झोळ पडतो, पुढच्या वेळी टक्स अर्धा इंच आखूड.’ शेवटचं वाक्य शिवताना डोक्यात लख्ख असतं आणि सहा महिन्यांनी साफ पुसलेलं. चांगल्या टेलरच्या मापाच्या वहीत अशा खुणा असतात, फक्त त्या त्यालाच लागतात.

मापाशेजारी तारीख हवीच. माणसं बदलतात, आणि मुलं तर दर तीन महिन्यांनी. कंपनीचा ‘साइज’ मात्र माप म्हणून मुळीच लिहू नका. अमेरिकन पाकिटांवर १९६७-६८ च्या सुमारास ‘न्यू सायझिंग’ अशी ओळ झळकू लागली आणि ज्या १४ नंबरच्या साइजला आधी ३४ इंच छाती धरली जायची, तिथं ३६ आली. आकडा तोच, अंग वेगळं. छाती, कंबर, सीट, उंची इंचांत लिहा. बुर्डाचं माप सेंटिमीटरमध्ये असेल तर नोंदवतानाच बदलून घ्या. अंगाचं माप आणि कपड्याचं माप यांनाही दोन वेगळे रकाने हवेत. त्या दोहोंतला फरक म्हणजे ठेवलेलं लूज, आणि ते सांगितल्याशिवाय ‘३६ चा कुर्ता’ या शब्दांना काही अर्थ नाही.

फर्म्याच्या तक्त्यातला माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोलाचा रकाना कुठला विचाराल तर ‘मार्जिन धरलंय का?’ अमेरिकन पाकिटांत शिलाईसाठी पाऊण इंचाहून थोडी कमी, नेमकं सांगायचं तर पाच अष्टमांश इंच, जागा धरलेली असते. बुर्डाच्या अंकातल्या फर्म्यांत ती धरलेली नसते. घरच्या ब्राऊन पेपरवर कधी असते, कधी नसते, आणि कापणारी व्यक्ती समोर नसेल तर कळायला मार्ग नाही. या एका रकान्याच्या अभावी महागाचं कापड वाया जातं.

बुर्डाचं प्रकरण आणखी थोडं निराळं. जर्मनीतल्या ऑफेनबर्गच्या एन्ने बुर्डा यांनी १९५० साली हे मासिक सुरू केलं, आणि थोड्याच वर्षांत त्यासोबत फर्म्यांचा मोठा कागद येऊ लागला. एकाच कागदावर अनेक कपड्यांच्या रेघा एकमेकींवरून धावतात. आपल्याला हवी ती रेघ पकडून दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची. तेव्हा अंकाचा महिना व साल, मॉडेलचा नंबर, कागदाचं अक्षर आणि रेघेचा रंग ही माहिती डिझाइनच्या तक्त्यात जाते. उतरवून घेतलेला कागद हा मात्र स्वतंत्र फर्मा. त्याला त्याचा क्रमांक.

क्रमांकाबद्दल एकच आग्रह. ग्रंथालयात दाखल क्रमांक असतो तसा तो नुसता चढता ठेवा. १, २, ३. ‘बीएल-केटी-३६’ असे अर्थपूर्ण संकेत सुचतात आणि सुरुवातीला फार हुशारीचे वाटतात. पुढे त्याच ब्लाउजच्या फर्म्याला घेर जोडून फ्रॉक होतो आणि संकेत खोटा पडतो. जागेचा रकाना वेगळा : ‘खोका ३’, ‘दारामागचा खिळा’, ‘पेनड्राइव्ह’. फर्मा घरभर हिंडला तरी क्रमांक हलत नाही. तो क्रमांक प्रत्येक तुकड्यावर लिहायचा, आणि नोंदीत एकूण तुकडे किती तेही. फर्मा अख्खा सहसा हरवत नाही, हरवते ती गळपट्टी. ‘कुणाकडे गेलाय’ हाही रकाना ठेवा. कुंचीचा फर्मा एकदा बारशाच्या घरी गेला की तिथून पुढच्या बारशाला परस्पर जातो.

कापडाचे रकाने दोन : पन्हा आणि लांबी. पाकिटांमागे ३५-३६, ४४-४५ आणि ५८-६० इंच पन्ह्याला किती कापड लागेल ते छापलेलं असतं. घरच्या फर्म्यांना ते प्रत्यक्ष मांडून काढावं लागतं. उरेब कापायचा असेल तर तसं लिहावं, कारण उरेब कापड खातो. एवढं भरलं की डेटाबेसला खरा प्रश्न विचारता येतो : हातात ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस आहे, छाती ३६, बाही कोपरापर्यंत हवी, कुठला फर्मा बसेल? गाळणी (फिल्टर) लावली की दोन-तीन क्रमांक पुढे येतात. त्यांच्याशेजारी ‘पुढच्या वेळी’चा शेरा असतो. इतकं उत्तर कुठल्याही फडताळानं आजवर दिलेलं नाही.

मराठीत नोंद करणाऱ्यांसाठी दोन खड्डे. ब्लाउज, ब्लाऊज, ब्लाउझ : संगणकाला हे तीन वेगळे कपडे वाटतात. प्रकार, कापड, गळा, बाही यांच्या याद्या आधीच ठरवा आणि ड्रॉपडाउनमधूनच निवडा. हातानं टाइप करायचा रकाना फक्त शेऱ्याचा. दुसरं म्हणजे आकडे. देवनागरीत टाइप केलेला ३६ बऱ्याच ठिकाणी संख्या म्हणून धरला जात नाही, अक्षरं समजली जातात, आणि मग ‘३४ ते ३८’ ही गाळणी चालत नाही. मापाच्या रकान्यांत इंग्रजी आकडे. मराठीच्या अभिमानाला इथं जरा आवर घालावा.

साधन कुठलं, यावर लोक फार वेळ घालवतात. गूगल शीट्समध्ये तीन पानं पुरतात. तक्ते नीट जोडायचे असतील तर लिब्रऑफिस बेस फुकट आहे, मोबाइलवर सोपं हवं तर एअरटेबल. पीडीएफच्या फाइलीच्या नावाची सुरुवात त्याच दाखल क्रमांकानं करा, आणि छापताना १०० टक्के मोजमापाचीच खूण ठेवून तपासणीचा चौकोन पट्टीनं मोजा. मोठा ए-शून्य कागद आर्किटेक्टचे नकाशे छापणाऱ्या दुकानात निघतो. ए-४ ची चिकटवाचिकटवी वाचते. ग्राहकांसाठी शिवत असाल तर माणसांची मापं आणि फोन नंबर वेगळ्या फाइलीत ठेवा, फर्म्यांची यादी मैत्रिणींना पाठवताना ती सोबत जाऊ नये.

सगळा पसारा एका रविवारी भरायला बसू नका. खोक्यातून जो फर्मा कामासाठी बाहेर निघेल त्याला क्रमांक द्या, फोटो काढा, मार्जिन लिहा, मग कापा. वर्षभरात वापरातले सगळे फर्मे आपोआप नोंदले जातील, आणि उरलेल्यांची नोंद करायची की ते रद्दीत द्यायचे, हे तेव्हा बघता येईल.

पुढच्या लेखांकात व्हॅलेंटिना आणि फ्रीसोइंग या दोन मुक्त प्रणाली पाहू. त्यांच्यात फर्म्याऐवजी ड्राफ्टिंगचं सूत्रच साठवलं जातं, आणि छाती बदलली की मुंढा आपोआप बदलतो.